जिन्यापर्यंतचे ठोके

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

डावं चाक हवेत धरून एका हाताने लिहितेय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस. चाक पुढे फिरवलं की पडद्यावरचा आकडा वाढायला हवा. उजव्याचा वाढतो. डाव्याचा शून्याच्या खाली जातो. उणे चाळीस. उणे नव्वद. आईने दांडा धरून मागून चालावं म्हणून तू केलेला हा गडी पुढे चाललाय आणि त्याचं अर्धं अंग म्हणतंय, मी मागे जातोय.

धाकट्या, ‘गडी खाली काढलाय’ एवढा निरोप पाठवला होता, त्यावर तुझं पाकीट मिळालं. आत दोन एन्कोडर, बारीक स्क्रू, वायरी आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर सहा शब्द. दोन्ही मोटारींना लाव. मग चालवून बघ. अकरा महिन्यांत तुझ्याकडून आलेले हे सहा शब्द. ‘ताई’ लिहिलं असतंस तर सात झाले असते. मागच्या बाजूला प्रोग्रॅमच्या चौदा ओळी आहेत, त्या मी तशाच घातल्या.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

एन्कोडर बसवायला अवघड गेलं नाही. मोटारीच्या मागच्या टोकाला चुंबकाची काळी चकती, तिच्याशेजारी नखाएवढी पट्टी. चकती फिरते, पट्टी ठोके मोजते. चाकाची एक फेरी म्हणजे तीनशे चौऱ्याहत्तर ठोके. तीनदा हाताने फिरवून खात्री केली. कारखान्यात वीस वर्षं शिलाईची मशीनं उघडतेय, हात तेवढा बसलाय.

पण काल न तपासता बटण दाबलं. गडी टेबलावर उलटा होता म्हणून बरं. डावं चाक मागे पडलंय असं समजून तो त्याला जास्त वीज द्यायला लागला. ते जितकं जोरात फिरेल तितकं आणखी मागे पडल्यासारखं दिसणार, मग आणखी वीज. दोन सेकंदांत मोटार किंचाळायला लागली. मी वायर उपटली.

आई पलंगावरून म्हणाली, “कोण ओरडतंय गं?”

“पंखा.”

“पंखा काल बंद पडलाय ना?”

मी म्हटलं, “म्हणूनच ओरडतोय.”

ती हसली नाही. बोटाला अजून वायरीचा वळ आहे. गडी जमिनीवर असता, आई दांडा धरून मागे असती, तर दोन सेकंद कुठवर पुरले असते याचा हिशेब मी रात्रभर मनात केला.

थांब, सापडलं. दोन मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसवल्यात, त्यामुळे एक उलटी मोजते. पिवळी आणि हिरवी वायर आपसात बदलली. आता दोन्ही आकडे वाढतात.

तुला वाटेल, माळ्यावर टाकलेला गडी खाली कसा आला. आईची नजर आता पूर्ण गेली. मार्चपर्यंत खिडकीचा उजेड कळायचा, तोही नाही. पावसाळ्यात तिला दोनदा ताप आला, लघवीच्या त्रासाने. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? ती म्हणाली, हवं तेवढं. तिला हवं तेवढं म्हणजे काहीच नाही. मी साडेआठला जाते, साडेपाचला येते. नऊ तास ती घोट घेत नाही, कारण घेतला तर पॅसेजमधून न्हाणीघरापर्यंत जावं लागतं, आणि मध्ये डाव्या हाताला जिना. गेट लावलं होतं. वरच्या मजल्यावरच्यांचं सामान अडकतं म्हणून मालकाने काढायला लावलं. भिंतीला दोरी बांधली. आई म्हणाली, मला गुरासारखं बांधू नकोस, आणि दोरीवर कपडे वाळत घातले. दिवसभराची बाई ठेवली. तिसऱ्या दिवशी आई तिला म्हणाली, तू बस, मी चहा टाकते. डोळे नसलेली बाई गॅस पेटवतेय हे बघून ती जी गेली ती आलीच नाही.

मग सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी म्हणाली, “गड्याला खाली काढ.”

मी नाही म्हटलं.

“त्याने पाडलं तर निदान चालताना पाडेल. इथे मी बसल्या जागी पडतेय.”

काढला. दीड महिना ती तो धरून जाते. मी घरात नसताना. काय होतं ते मला संध्याकाळी कळतं, आणि ते सगळं कळतं असंही नाही.

— ताई

मंगळवार, ११ नोव्हेंबर, संध्याकाळ

रविवारचं पत्र टाकलं.

आज लवकर सुटले. आई झोपली होती. पॅसेजमध्ये खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत खडूची रेघ मारली, अगदी मधून. दांड्यावरचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं आणि गडी सोडला. मी बाजूने चालत होते, वाकून, दोन्ही हात पुढे. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाई कोंबडी पकडतेय.

खालच्या कंपाउंडरकाकांनी बघितलं. ते खालून वर येत होते. जिन्यात थांबून म्हणाले, “पोरी, त्याला पोहायला शिकवतेस की काय?”

“सरळ चालायला.”

“माणसांना जमत नाही ते.” मग खडूच्या रेघेकडे बघत म्हणाले, “तुमचा गडी माझ्या छतावरून चालतो. दिवसातून तीनदा. डोक्यावरून जाईपर्यंत मी घास गिळत नाही. हे तुला सांगणार नव्हतो.”

आकडे असे. खोलीच्या दारापासून जिन्याच्या कडेपर्यंत साडेतीन मीटर. म्हणजे चार हजार एकशे सत्तर ठोके. आता मला ते अंतर असंच आठवतं. कारखान्यात मशीनचं चाक फिरताना मी मनात मोजायला लागते आणि चार हजाराच्या पुढे गेले की हात मागे घेते.

गडी जिन्यापाशी थांबवला. डावं चाक चार हजार एकशे सत्तर. उजवं चार हजार एकशे एकाहत्तर. एका ठोक्याचा फरक, म्हणजे मिलिमीटरभरही नाही. दोन्ही मोटारी जुळ्या बहिणींसारख्या फिरल्या.

आणि गडी रेघेपासून डावीकडे एक वीत चार बोटं होता. पुढचं छोटं चाक जिन्याच्या पोकळीवर.

मी म्हटलं, जमिनीला उतार असेल. न्हाणीघराच्या बाजूने उलटा सोडला. जिना बरोबर मध्ये आहे, तिकडूनही तेवढेच ठोके. उतार असता तर येताना तो उजवीकडे ओढला गेला असता. तो पुन्हा त्याच्या डावीकडेच गेला, भिंतीला घासला. तीनदा तसंच.

तुला काही गोष्टी माहीत आहेत, तरी लिहिते. गेल्या वर्षी आई पडली त्या दिवशी, १२ डिसेंबरला, मी कारखान्यात होते. तू दोन आठवडे बाहेरगावी कामावर होतास, संध्याकाळी परत येणार होतास. आई न्हाणीघराकडे निघाली होती. गडी डावीकडे गेला, पुढचं चाक पायरीवरून उतरलं, दांडा तिला घेऊन गेला. चार पायऱ्या. मनगट आणि खुबा. काकांनी तिला उचलताना तिने विचारलं म्हणे, गडी मोडला का?

तू स्टेशनवरून थेट दवाखान्यात आलास. तिथल्या बाकड्यावर मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतो. तुझ्या दोन मोटारी सारख्या नाहीत हे तुला माहीत होतं. खेळणी करायची तर मुलांसाठी करावीत, आईच्या हातात देऊ नयेत. तू म्हणालास, मोटारी मी तपासल्या होत्या. मी म्हणाले, मग आई काय स्वतःहून उडी मारायला गेली?

तीन दिवसांनी बॅग भरलीस. गडी तोवर मी माळ्यावर टाकला होता, पोत्यात बांधून. तू मागितलासही नाहीस.

मोटारी सारख्याच आहेत. हे तुला सांगायचं होतं. बाकीचं नंतर लिहिते. आई उठली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मंगळवारचं पत्र टाकलेलं नाही. पर्समध्ये आहे.

काल कारखान्यातून मोजमापाचा चिमटा आणला. चाकं मोजली. डावं शंभर मिलिमीटर. उजवं एकशे एक आणि वर अर्धा. दीड मिलिमीटर. नाण्याची जाडी म्हण. दोन्ही चाकं सारख्या फेऱ्या करतात, पण उजवं प्रत्येक फेरीत थोडं जास्त चालतं. मग गडी डावीकडेच जाणार. मोटारी कितीही मोजल्या तरी जाणार. एन्कोडरला चाक फिरलं एवढंच कळतं. चाक केवढं आहे ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

उजवं चाक मी बदललं होतं.

१ डिसेंबरला. तू नुकताच गेला होतास. रबर फाटलं होतं, आईच्या पायाला टोचायला लागलं. तुझ्या डब्यात एक सुटं चाक मिळालं, दिसायला अगदी तसंच. पाच मिनिटांचं काम. कारखान्यात दोन पट्ट्यांवर चालणारं मशीन असलं तर एक पट्टा तुटला तरी मी दोन्ही बदलते. नवीन पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते. घरी एकच चाक काढलं आणि एकच बसवलं, आणि हात पुसून चहा ठेवला.

तुला सांगायचं राहिलं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. राहिलं नव्हतं. दवाखान्यात तू ‘तपासल्या होत्या’ म्हणालास तेव्हाच ते चाक माझ्या डोळ्यांपुढे आलं. तसं ते आलं म्हणून मी जास्त जोरात बोलले. गडी पोत्यात बांधताना चाकाला हात लागू नये म्हणून आधी दांडा धरला. अकरा महिने मी ते चाक मोजलं नाही. मोजलं नाही म्हणजे माहीत नाही, असं धरून चालले. सप्टेंबरमध्ये खाली काढलं तेव्हाही मोजलं नाही. दीड महिना आई त्याच चाकामागून जिन्यावरून गेली आली, दिवसातून तीनदा, आणि मी साडेआठला दार ओढून घेऊन कामावर जात राहिले. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तसंच राहू देते.

आज एकाच पुड्यातली दोन नवी चाकं आणून बसवली. दोन्ही शंभर. एन्कोडर लावलेले. गडी साडेतीन मीटरमध्ये रेघेपासून अर्धं बोटही हलत नाही. पाच वेळा सोडला.

आईला फक्त म्हटलं, “गडी दुरुस्त केलाय.”

“काय झालं होतं त्याला?”

“जरा वंगण.”

“हं,” ती म्हणाली.

रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळ

काल साडेपाचला आले तेव्हा कंपाउंडरकाका खाली दारातच उभे होते. बनियनवर. ते कधी बनियनवर दारात येत नाहीत.

म्हणाले, “आधी बस.”

मी बसले नाही.

“आई ठीक आहे. आधी बस.”

मग सांगितलं. दुपारी तीनच्या सुमाराला गडी डोक्यावरून गेला. जाताना आवाज वेगळा होता, भिंतीला घासत गेल्यासारखा. काकांनी कान दिला. थोड्या वेळाने परत निघाला. जिन्याशी आला आणि आवाज थांबला. मग खडखड झालं, एकदाच. ते तसेच धावले. आई पॅसेजमध्ये उभी होती, दांडा दोन्ही हातांनी मागे ओढून. बटण सोडलेलं. पुढचं छोटं चाक पहिल्या पायरीवर लोंबत होतं आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा कडेवर.

ती म्हणाली, “कंपाउंडर, आज जिना सरकलाय का?”

काकांनी मला हे सांगताना तिच्या आवाजाची नक्कल केली.

मला कळायला वेळ लागला. मी जिन्यातच बसले, वर न जाता, आणि मग कळलं. गडी डावीकडे ओढायचा, म्हणून ती दांडा उजवीकडे दाबून धरायची. जाताना दाबायची, म्हणजे जिन्यापासून लांब राहायची. येताना दाबायची, म्हणजे भिंतीला घासायची नाही. दीड महिन्यात हाताला सवय झाली. आता गडी ओढत नाही, पण हात दाबतोच. जाताना ती भिंतीवर गेली. येताना जिना उजव्या हाताला असतो.

आणि एन्कोडर तिथे काही करू शकत नाही. तिने दाबलं की चाकं आडवी घसरतात. ठोके बरोबर पडतात. गडी समजतो, मी सरळ चाललोय. तोंड ज्या दिशेला असेल ती त्याची सरळ.

म्हणजे शुक्रवारी मी गडी नीट केला आणि आईला सांगितलं नाही, म्हणून ती काल कडेवर उभी होती. जुन्या चाकावर ती जिन्यापासून लांब होती. हे मी कशा शब्दांत लिहावं ते मला कळत नाहीये.

वर गेले. ती पलंगावर, पाय खाली सोडून. मी म्हटलं, “आई, गड्याला वंगण नव्हतं घातलं. दोन्ही चाकं बदललीत. आता तो डावीकडे जात नाही. हात सैल धर.”

“ते दुपारी कळलं.”

“आणि गेल्या डिसेंबरात उजवं चाक मी बदललं होतं. धाकट्याला माहीत नव्हतं. मोटारींचं काही नव्हतं. तो—”

“मला माहीत आहे.”

मी उभीच होते.

“चाक बदललंस त्याच दिवशी कळलं,” आई म्हणाली. “दांडा हातात असतो माझ्या. आधी सरळ जायचा, मग लहान पोर पदर ओढतं तसा डावीकडे ओढायला लागला. तुला बोलणार होते. मग म्हटलं, एवढं काय, दाबून धरेन. त्या दिवशी उजव्या हातात ओले कपडे होते. डाव्या हाताला जोर नाही.”

“मग दवाखान्यात बोलली का नाहीस? तो गेला त्या दिवशी बोलली का नाहीस?”

तिने पाय पलंगावर घेतले.

“तुमच्यातलं एक जाणार होतं,” ती म्हणाली. “भांडणाच्या आवाजावरून कळतं. तो चिडून गेला तर कुठेतरी काम धरेल, जेवेल, आणि एक दिवस येईल. तू ‘माझ्यावर पाप आलं’ असं म्हणून गेली असतीस तर आली नसतीस. मी तुला ओळखते.”

“आणि त्याचं काय?”

“त्याचं वाईट केलं मी. तुझ्याइतकंच.” मग म्हणाली, “हे त्याला लिहिलंस?”

“लिहिलंय.”

“टाकलंस?”

मी पर्स उघडून बंद केली. तिला आवाज ऐकू आला.

“तुझं ते पत्र मला काही वाचता येणार नाही,” ती म्हणाली, “पण खरं लिहिलंयस का एवढं सांग.”

मी म्हटलं, चाकापर्यंत खरं आहे. ती म्हणाली, मग पुढचंही लिही, माझ्यासकट.

म्हणून हे लिहितेय. आज रविवार, दिवसभर मीच तिला हाताला धरून नेलं. चार वेळा. प्रत्येक वेळी जिन्यापाशी तिचा उजवा खांदा माझ्यावर रेलतो, तिला न कळत. मी म्हणते, सैल. ती म्हणते, सैलच आहे. नसतो. चौथ्या वेळी थोडा कमी होता, किंवा मला तसं वाटलं.

उद्या साडेआठला मला जायचंय. रजा टाकते म्हटलं, तर म्हणाली, आणि परवा? पोकळी ओळखणारा तो सेन्सरचा डोळा परत बसवू का, असं विचारलं. तुला आठवतं, काळ्या फरशीला खड्डा समजून दर दोन पावलांवर थांबायचा तो. म्हणाली, नको, तो माझ्यापेक्षा भित्रा आहे. तिचं ठरलंय. उद्या मी निघायच्या आधी ती गडी घेऊन एकटी जाणार आणि एकटी येणार. मी जिन्यात उभी राहते म्हटलं. “तू जिन्यात उभी राहिलीस तर मी तुझ्या श्वासाच्या बाजूने चालेन. खोलीत बस.”

आकडे मोबाइलवर दिसतात, तशी सोय तुझ्या ओळींत आहे. मी खोलीत बसून ते बघणार. चार हजार एकशे सत्तर आले की ती जिन्यापाशी आहे एवढं कळेल. ती कुठल्या बाजूला आहे ते कळणार नाही. ते आकड्यात नाही. आत्ता सात वाजलेत आणि माझे तळवे ओले आहेत, म्हणून अक्षर पसरलंय.

तू ये असं मी म्हणणार नाही. दवाखान्यात जे बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. एवढंच म्हणते.

— ताई

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळ

सव्वाआठला आई दांडा दोन बोटांनी धरून निघाली. जाताना दोन मिनिटं लागली. येताना आकडा पुन्हा शून्यापासून चालू झाला, चार हजार एकशे बाराला, जिन्याच्या जरा अलीकडे, थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मी खुर्चीतून उठले नाही. मग पुढे सरकला. ती खोलीत आली, गडी भिंतीशी लावला आणि म्हणाली, तुला उशीर होतोय. तिन्ही पत्रं एका पाकिटात घातलीत, वाटेवर टाकते.